चष्म्याआधी बटण दाबा

एअर कंडिशनरच्या बाबतीत आपल्या देशाने एक शहाणपणाचा निर्णय घेतला. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबल असलेला घरगुती एसी सुरू करताच आपसूक २४ अंशांवर लागला पाहिजे, असा नियम झाला. ज्याला १८ अंशांची थंडी हवी, त्याच्या हातात रिमोट आहेच. बंदी कशावरच नाही. नियम करणाऱ्यांनी माणसाचा स्वभाव मात्र बरोबर ओळखला होता. यंत्र ज्या स्थितीत हातात पडते, त्याच स्थितीत आपण ते वर्षानुवर्षे वापरत राहतो.

टेबलावरच्या संगणकाबाबत हा स्वभाव आपल्याला दोन्हीकडून महागात पडतो. मॉनिटर खोक्यातून निघतो, वायरी जोडल्या जातात, चित्र दिसते आणि ‘चालू झाला’ म्हणून सगळे मोकळे होतात. ब्राइटनेस कारखान्याने जिथे ठेवला तिथेच राहतो, बरेचदा शंभरात पंचाहत्तर किंवा त्याच्याही वर. संगणकाने किती वेळाने झोपायचे, हे दुकानदाराने किंवा ऑफिसातल्या ‘सिस्टिमवाल्या’ने एकदा ठरवलेले असते, पुष्कळदा ‘कधीच नाही’ असे. काही महिन्यांनी डोळे चुरचुरू लागतात, संध्याकाळी कपाळ ठणकते. मग आपण चष्म्याच्या दुकानात जातो आणि निळा प्रकाश अडवणारी काच जास्तीचे पैसे देऊन बसवून घेतो. मॉनिटरच्या खालच्या कडेला असलेले फुकटचे बटण मात्र तसेच राहते.

हा क्रम उलटा व्हायला हवा. त्यासाठी आधी एक गोंधळ दूर करायला हवा. संगणकाच्या पडद्याबाबत आपल्या हातात मुख्यतः दोन गोष्टी असतात: पडदा किती उजळ असावा आणि काम नसताना यंत्राने किती वेळाने झोपावे. पहिली गोष्ट प्रामुख्याने डोळ्यांसाठी आहे, दुसरी प्रामुख्याने वीजबिलासाठी. आपण या दोन्ही एकत्र कालवतो आणि वीज वाचेल म्हणून स्क्रीन सेव्हर लावतो, डोळे वाचतील म्हणून चष्मा घेतो. दोन्हीकडे नेम चुकतो.

कोरा कागद हीच मोजपट्टी

आधी डोळ्यांचे पाहू. पडदा किती उजळ असावा, याचे एकच एक आकड्यातले उत्तर नाही, कारण ते खोलीवर अवलंबून आहे. खोलीतला उजेड ‘लक्स’मध्ये मोजतात. नीट दिवे असलेल्या कार्यालयात टेबलावर साधारण ३०० ते ५०० लक्स उजेड पडतो. घरातल्या हॉलमध्ये रात्री एकच ट्यूबलाइट असेल, तर तो अनेकदा १०० ते १५० लक्सच असतो. भर दुपारी उन्हात हाच आकडा एक लाखाच्या घरात जातो.

पांढरा कागद स्वतः प्रकाश देत नाही. त्याच्यावर पडलेल्या उजेडातला बराचसा परत पाठवतो. त्याची उजळता ‘निट’ या एककात सांगतात. ३०० लक्सच्या खोलीत पांढरा कागद साधारण ७५ निट इतका उजळ दिसतो, ५०० लक्समध्ये सुमारे १२५ निट. घरच्या त्या एका ट्यूबलाइटखाली तो २५ ते ४० निटच भरतो. आता मॉनिटरकडे पाहा. साधा कार्यालयीन मॉनिटर पूर्ण ब्राइटनेसवर २५० ते ३०० निट प्रकाश देतो. म्हणजे कार्यालयात तो शेजारच्या कागदापेक्षा दुपटी-चौपटीने उजळ असतो, तर घरी रात्री सहा ते दहा पटींनी. आठ तास आपण पान वाचत नसतो, दिव्याकडे बघत असतो.

त्याने काय होते? खतावणीतला आकडा वाचून पडद्यावर टंकायचा, पुन्हा खतावणीत पाहायचे, असे काम करणाऱ्याच्या डोळ्यांना दर काही सेकंदांनी अंधाऱ्या आणि उजळ पृष्ठभागांमध्ये जमवून घ्यावे लागते. पडद्यामागची भिंत अंधारी असेल तर तो चौकोन आणखी झोंबतो. माणूस नकळत डोळे बारीक करतो, कपाळ आक्रसतो. संध्याकाळची डोकेदुखी पुष्कळदा इथून सुरू होते.

याची चाचणी घ्यायला कुठले उपकरण लागत नाही. पडद्यावर एखादे कोरे पांढरे पान उघडा आणि पडद्याच्या शेजारी एक कोरा कागद धरा. पडदा दिव्यासारखा चमकत असेल तर ब्राइटनेस जास्त आहे. तो कागदापेक्षा राखाडी, मळकट दिसत असेल तर कमी आहे. दोघे साधारण सारखे दिसेपर्यंत बटण दाबत राहायचे. बहुतेक घरांत हा आकडा शंभरावरून वीस ते चाळीसच्या आसपास येऊन थांबेल. पहिली दहा मिनिटे पडदा अंधुक वाटेल. तेवढ्यात डोळे रुळतात.

इथे उलट टोकही सांगायला हवे. ‘कमी म्हणजे चांगले’ असे नाही. खिडकीतून भरपूर उजेड येणाऱ्या खोलीत पडदा फार मंद ठेवला, तर अक्षरे पुसट दिसतात, माणूस मान पुढे काढून बसतो आणि डोळ्यांच्या जोडीला मानही दुखते. खिडकी पाठीशी असेल तर तिचे प्रतिबिंब पडद्यावर पडते, समोर असेल तर तिचा उजेड डोळ्यांत जातो. म्हणून खिडकी डाव्या किंवा उजव्या हाताला येईल असे टेबल लावणे सगळ्यात बरे. टेबल हलवता येत नसेल, तर निदान एक पडदा किंवा चटई लावता येते.

आणखी एक गोष्ट ब्राइटनेसच्या माथी मारून चालणार नाही. एरवी आपण मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापण्या मिटतो. पडद्याकडे एकटक पाहताना ही संख्या निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. डोळ्यावरचा ओलावा सुकतो आणि वाळू गेल्यासारखे वाटते. त्यात वर पंख्याचा किंवा एसीचा झोत चेहऱ्यावर असेल तर विचारायलाच नको. त्यावर उपाय बटणात नाही, सवयीत आहे. दर वीस मिनिटांनी नजर उचलून वीस फुटांपलीकडे वीस सेकंद पाहायचे, हा नेत्रतज्ज्ञांचा साधा नियम त्यासाठीच आहे. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली ठेवली, की नजर खाली झुकते, पापण्या डोळा जास्त झाकतात आणि ओलावा टिकतो. पडदा हातभर अंतरावर असावा, हेही त्यातच आले.

निळ्या प्रकाशाची भीती

मग तो चष्मा? निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांवर झालेल्या सतरा चाचण्यांचा एकत्रित आढावा ‘कॉक्रेन’ या संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. वैद्यकातले पुरावे कसोशीने तपासण्यासाठी ही संस्था ओळखली जाते. साध्या काचांच्या तुलनेत या काचांमुळे पडद्यावरच्या कामाने येणारा डोळ्यांचा ताण कमी होतो, असे त्या आढाव्यात दिसले नाही. अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांची मोठी संघटनाही संगणकासाठी असा खास चष्मा घ्या, अशी शिफारस करत नाही.

यामागचे कारण समजून घेतले तर भीती आपोआप कमी होते. निळा प्रकाश म्हटला की पडदाच डोळ्यांसमोर येतो. पण निळ्या प्रकाशाचा सर्वांत मोठा स्रोत आपल्या डोक्यावरचे आकाश आहे. दुपारी अंगणात उभे राहिले तरी पडद्याच्या कितीतरी पट प्रकाश डोळ्यांत जातो. पडदा डोळे ‘जाळतो’ ही समजूत म्हणूनच टिकत नाही. त्रास खरा आहे, पण तो इजेचा नाही, थकव्याचा आणि कोरडेपणाचा आहे. आणि थकव्यावरचे उपाय स्वस्त आहेत.

रात्रीची गोष्ट थोडी वेगळी. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत, ज्यांचे काम चित्र पाहणे हे नसून दिवस आहे की रात्र हे मेंदूला कळवणे हे आहे. त्या निळसर प्रकाशाला जास्त प्रतिसाद देतात. रात्री उशिरापर्यंत त्यांच्यावर उजेड पडत राहिला, तर झोपेची चाहूल देणारे मेलॅटोनिन हे संप्रेरक उशिरा पाझरते. ‘नाइट लाइट’सारखी सोय पडद्याचा रंग पिवळसर करते, ते ठीकच. पण पडदा पिवळा करून ब्राइटनेस शंभरावर ठेवण्यात फारसा अर्थ नाही. या पेशींना रंगाबरोबरच उजेडाचे एकूण प्रमाणही कळते. रात्री दहानंतर काम अटळ असेल, तर ब्राइटनेस आणखी खाली आणावा आणि खोलीतला एक दिवा लावलेला असावा. अंधाऱ्या खोलीत लखलखता पडदा ही सगळ्यात वाईट जोडी.

बटण इतके लांब का?

इथे मॉनिटर बनवणाऱ्यांना एक प्रश्न विचारायला हवा. जुन्या, पोट सुटलेल्या काचेच्या मॉनिटरला खालच्या कडेला दोन छोटी चाके असायची. एक बोटाने फिरवले की उजेड कमी-जास्त व्हायचा. आज त्याच जागी मागच्या बाजूला चाचपडून शोधायची चार सारखी बटणे असतात. एक दाबले की मेनू उघडतो, दुसरे दाबले की चुकून भाषा बदलते, तिसऱ्याने पडदाच बंद होतो. ढग आले, दिवा लावला, संध्याकाळ झाली, की दर वेळी ही कसरत कोण करणार?

लॅपटॉपवर कळफलकाच्या एका कळीने हे काम होते, कारण तिथे पडदा त्याच यंत्राचा भाग असतो. डेस्कटॉपचा मॉनिटर हे वेगळे उपकरण आहे. त्यामुळे संगणकाच्या सेटिंगमध्ये बरेचदा ब्राइटनेसची पट्टी दिसतच नाही. तांत्रिक अडचण मात्र केव्हाच सुटलेली आहे. संगणकाने त्याच वायरीतून मॉनिटरला ‘उजेड कमी कर’ असे सांगण्याची ‘डीडीसी-सीआय’ ही पद्धत १९९८ पासून अस्तित्वात आहे आणि आजचे बहुतेक मॉनिटर ती ओळखतात. ट्विंकल ट्रे किंवा मॉनिटोरियन यांसारखे छोटे प्रोग्राम ती वापरून विंडोजच्या कोपऱ्यात ब्राइटनेसची पट्टी आणून देतात. मॉनिटरच्या मेनूत ही सोय बंद असेल तर एकदा सुरू करावी लागते. पंचवीस वर्षांपूर्वीची सोय वापरण्यासाठी सामान्य माणसाला बाहेरचा प्रोग्राम शोधावा लागतो, हे मात्र खटकण्यासारखे आहे.

एका गोष्टीकडे खरेदीच्या वेळीच लक्ष द्यावे. काही स्वस्त मॉनिटर उजेड कमी करण्यासाठी मागचे दिवे खरोखर मंद करत नाहीत. ते सेकंदाला शेकडो वेळा बंद-चालू करतात. डोळ्यांना ते वेगळे दिसत नाही, पण काही जणांना त्याने डोके दुखते. ब्राइटनेस कमी केल्यावर त्रास वाढला, असे कुणी सांगत असेल तर त्याला हसू नये. त्यामागे हे कारण असू शकते. कमी ब्राइटनेसवरच्या पांढऱ्या पडद्यासमोर पेन्सिल भराभर हलवून पाहा. तिच्या सलग पुसट पट्ट्याऐवजी सुट्या सुट्या पेन्सिली दिसल्या, तर पडदा लुकलुकतो आहे. नवा घेताना ‘फ्लिकर फ्री’ लिहिलेला घ्यावा.

झोपेचे गणित

आता बिलाकडे वळू. वर्षात ८,७६० तास असतात. दहा ते सहा चालणाऱ्या कार्यालयात, वर्षाला अडीचशे दिवस काम धरले, तर संगणकासमोर माणूस असतो जेमतेम २,००० तास. उरलेले ६,७६० तास तो एकटा असतो.

साधा कार्यालयीन संगणक काही काम करत नसताना ४० वॉट आणि मॉनिटर २० वॉट, असे मिळून ६० वॉट धरू. हा सगळा वेळ तो जागा ठेवला, तर वर्षाला सुमारे ४०५ युनिट वीज जाते. दहा रुपये युनिट धरले तर चार हजार रुपये. महिन्याला शंभर युनिटच्या आत भागवणाऱ्या घराची ही चार महिन्यांची वीज, कुणीही समोर नसताना संपलेली. तोच संगणक झोपवला तर तो साधारण दोन वॉट घेतो. वर्षाचे १३ ते १४ युनिट. वीस संगणकांच्या प्रशिक्षण वर्गात हा फरक वर्षाला पाऊण लाख रुपयांच्या पुढे जातो. आपल्या देशात एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, त्यामुळे एका जाग्या संगणकाचा हिशेब पावणेतीनशे किलोच्या पुढे भरतो.

याच्या तुलनेत ब्राइटनेस कमी केल्याने वाचणारी वीज किरकोळ आहे. चोवीस इंची मॉनिटरचा ब्राइटनेस पूर्णवरून एक तृतीयांशावर आणला, तर साधारण दहा वॉट वाचतात. कामाच्या वर्षात वीस युनिट. म्हणजे झोपेने जे वाचते, त्याचा विसावा भाग. म्हणूनच मी म्हटले, की ब्राइटनेस डोळ्यांसाठी कमी करा आणि बिलासाठी यंत्राला झोपवा.

या हिशेबात ‘स्क्रीन सेव्हर’ कुठेच बसत नाही. तो जन्मला जुन्या काचेच्या मॉनिटरसाठी. त्या पडद्याच्या आतल्या लेपावर एकच चित्र तासन्‌तास राहिले, तर त्याचा कायमचा ठसा उमटायचा. म्हणून हलते चित्र. आजच्या एलसीडी पडद्याला त्याची गरज नाही, आणि मासे पोहत असोत की तारे फिरत असोत, पडद्यामागचा दिवा पेटलेलाच असतो. वीज तेवढीच जाते. ‘डार्क मोड’चेही तसेच. एलसीडी पडद्यात मागचा दिवा कायम जळत असतो. काळा रंग म्हणजे त्या दिव्यापुढे ओढलेले झाकण. वीज वाचते ती ओएलईडी पडद्यावर, कारण तिथे प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि काळा ठिपका खरोखर विझलेला असतो. टेबलावरचे बहुतेक मॉनिटर अजून एलसीडी आहेत.

संगणक सतत बंद-चालू केला तर बिघडतो, किंवा सुरू होताना इतकी वीज खातो की चालू ठेवलेलाच परवडतो, या समजुतीही आता सोडून द्यायला हव्यात. सुरू होण्यातली मिनिटभराची जास्तीची वीज रात्रभराच्या जागरणापुढे नगण्य आहे. पर्यायही तीन आहेत. ‘स्लीप’मध्ये फक्त स्मृती जागी राहते आणि कळ दाबताच काम जिथे सोडले तिथून पुढे सुरू होते, चहाच्या सुट्टीला आणि जेवणाला हे पुरेसे. ‘हायबरनेट’मध्ये चालू काम डिस्कवर लिहून यंत्र जवळजवळ पूर्ण बंद होते. आणि ‘शट डाउन’ तर आपल्याला माहीत आहेच. पाच मिनिटांनी पडदा बंद, पंधरा मिनिटांनी झोप, एवढे एकदा लावून ठेवले की रोज आठवण ठेवावी लागत नाही.

वीज वारंवार जाणाऱ्या गावांत याचा आणखी एक फायदा आहे. घरगुती यूपीएसमधली छोटी बॅटरी पंधरा-वीस मिनिटे तग धरते. भार जेवढा कमी, तेवढा वेळ जास्त. यूपीएसची यूएसबी वायर संगणकाला जोडली, तर अनेक यूपीएसमध्ये बॅटरी संपत आली की संगणकाने आपणहून हायबरनेट व्हावे, असे ठरवता येते. परीक्षेचा अर्ज किंवा जीएसटीचे विवरणपत्र अर्धवट असताना याचे मोल कळते.

मुळात लॅपटॉपने आपल्याला काटकसर शिकवली, कारण तिथे बॅटरीचा आकडा डोळ्यांसमोर घसरत असतो. डेस्कटॉपची वीज भिंतीतून येते आणि बिल महिन्याने, बरेचदा दुसऱ्याच कुणाच्या नावाने येते. जे दिसत नाही ते आपण वाचवत नाही.

ठरवायचे कोणी?

या सगळ्यावर कार्यालयांचे एक ठरलेले उत्तर असते: रात्री अपडेट टाकावे लागतात, म्हणून संगणक बंद करू नका. अडचण खोटी नाही, पण तिचे उत्तर जुने आहे. झोपलेल्या संगणकाला नेटवर्कवरून जागे करण्याची ‘वेक ऑन लॅन’ ही सोय नव्वदच्या दशकापासून आहे. तासाभराच्या अपडेटसाठी सोळा तास जागरण कशाला? आठवड्यातली एक रात्र त्यासाठी राखून ठेवली तरी बाकीच्या सहा रात्री वाचतात.

दुसरे उत्तर असते, ‘ज्याने त्याने आपापले पाहावे’. ते मला मान्य नाही. वीजबिल भरणारा आणि संगणक वापरणारा हे कार्यालयात दोन वेगळे असतात. आणि ब्राइटनेसचा त्रास सोसणाऱ्याला अनेकदा सेटिंगला हात लावायची परवानगीच नसते. नोंदी टंकणारी मुलगी, तिकीट खिडकीवरचा कर्मचारी, बँकेतला कारकून यांनी दिवसभर कुठल्या उजेडाकडे पाहायचे, हे त्यांनी न पाहिलेल्या कुणीतरी ठरवलेले असते. पन्नाशीनंतर डोळ्यातले भिंग गढूळ होऊ लागले असेल, तर उजेड फाकतो आणि लखलखता पडदा असह्य होतो. अर्धशिशी असलेल्यालाही तेच. उलट नजर अधू असलेल्या कुणाला जास्त उजेड लागेल. म्हणून एक आकडा सगळ्यांवर लादणे हा उपाय नव्हे. झोपेची वेळ संस्थेने ठरवावी; ब्राइटनेस मात्र समोर बसणाऱ्याच्या हातात असावा. कॅमेरा आणि पेनड्राइव्ह बंद करायला सुरक्षेचे कारण असते. ब्राइटनेस बंद करायला कुठलेच नसते.

सरकारला यात मोठा खर्चही नाही. अमेरिकेत १९९२ मध्ये ‘एनर्जी स्टार’ योजना सुरू झाली, ती संगणक आणि मॉनिटरपासूनच. पुढच्याच वर्षी तिथल्या अध्यक्षांनी आदेश काढला, की सरकारी कार्यालयांनी त्या निकषात बसणारेच संगणक घ्यावेत. सर्वांत मोठे गिऱ्हाईकच मागणी करू लागल्यावर बाजाराला हलावे लागते. आपल्याकडेही शाळा, तहसील कार्यालये आणि विद्यापीठे ढिगाने संगणक घेतात. त्या निविदेत तीन ओळी घातल्या तरी पुरे: संगणक पंधरा मिनिटांत झोपेल असा लावूनच द्यावा, मॉनिटर मध्यम ब्राइटनेसवर द्यावा, आणि ब्राइटनेससाठी एका बोटाने चालणारे वेगळे बटण असावे. एसीच्या चोवीस अंशांचे तत्त्व इथेही लागू पडते. कुणालाही अडवायचे नाही. फक्त सुरुवातीची जागा शहाणपणाची ठेवायची.

संगणकाच्या प्रशिक्षण वर्गांतही पहिल्याच दिवशी चित्र काढायला शिकवण्याआधी पाच मिनिटे यासाठी द्यावीत. पडदा कुठे ठेवायचा, कागद शेजारी धरून उजेड कसा जमवायचा आणि उठताना यंत्र कसे झोपवायचे, एवढे शिकलेला मुलगा पुढची चाळीस वर्षे ते वापरेल. प्रोग्राम बदलतील, डोळे तेच राहतील.

शेवटी एक सावधगिरी. एवढे करूनही पंधरवड्यात फरक पडला नाही, अक्षरे दुहेरी दिसली, एका डोळ्याची नजर अचानक कमी झाली, प्रकाशाचे झोत दिसले किंवा डोळा लाल होऊन दुखू लागला, तर बटणांशी खेळत न बसता नेत्रतज्ज्ञाकडे जावे. चाळिशीनंतर जवळचे कमी दिसू लागते. तिथे योग्य नंबरच्या चष्म्याला पर्याय नाही, आणि संगणकाच्या अंतरासाठी नंबर वेगळा असू शकतो, हे डॉक्टरांना आवर्जून विचारावे. तपासणीला जाताना आपला पडदा डोळ्यांपासून किती अंतरावर असतो, ते पट्टीने मोजून घेऊन जा. तो आकडा डॉक्टरांच्या उपयोगी पडेल.